रोजची साडी, ठेवणीतली साडी

उद्या फोटो काढायचा म्हटलं की आज संध्याकाळी घरोघर एकच प्रश्न निघतो : काय नेसू? बहुतेक ठिकाणी तो आरशासमोर पाच मिनिटांत मिटतो. महाड तालुक्यातल्या एका वाडीत त्या प्रश्नावर अख्खी दुपार वाद झाला. मला तो इतका महत्त्वाचा वाटला की मी वही काढून लिहून घेत बसले. तिथल्या महिला बचत गटाची आमसुलं, आगळ आणि कुळथाचं पीठ आता पाकिटांत-बाटल्यांत भरून पुण्या-मुंबईला जाणार होतं. पाकिटावर गटातल्या बायकांचाच फोटो छापायचा, असं बैठकीत ठरलं होतं. फोटोसाठी पुण्याहून एक तरुण छायाचित्रकार आली होती. पाकिटावरचा मजकूर मी लिहिणार होते, म्हणून मी तिच्यासोबत. गटाच्या अध्यक्षबाई साठी ओलांडलेल्या. सगळी वाडी त्यांना मावशी म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो.

मे महिना, रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस. पडवीत फळं फोडून साली वेगळ्या करायचं काम चाललं होतं. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लालजांभळे झाले होते.

छायाचित्रकार : मावशी, उद्या कुणी मुद्दाम नटू नका. कामाला बसताना जे नेसता तेच नेसा.

मावशी : म्हणजे ही अंगावरची?

छायाचित्रकार : हो, हीच. छान आहे की.

मावशी : तुला छान दिसते गो बाय. हिचा काठ विरलाय, पदराला दोनदा टाके घातलेत. ही नेसून मी बँकेत जात नाही, लेकीच्या सासरी जात नाही, आणि पाकिटावर बसून मुंबईला जाऊ?

छायाचित्रकार : लोकांना खरं बघायचं असतं. दुकानाच्या फळीवर प्रत्येक मसाल्यावर नथ घातलेली एक गोरी बाई हसत असते. तिनं आयुष्यात मसाला कुटलेला नाही, हे गिऱ्हाईक ओळखून असतं. तुमच्या पाकिटावर तुम्ही दिसाल. फरक तिथंच पडेल.

मावशी : मी दिसायला पाहिजे हे खरं. माझी फाटकी साडी कशाला दिसायला पाहिजे?

छायाचित्रकाराचं म्हणणं वरवरचं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. तिनं काही वर्षं लग्नाआधीचे फोटो काढले आहेत. मुळशी, पानशेत, लोणावळा या बाजूला हिवाळ्यात पहाटेपासून जोडप्यांची रीघ लागते. मुलीच्या अंगावर मागे लांब शेपूट सुटलेला भाड्याचा गाऊन असतो. तो तिच्या मापाचा नसतो, म्हणून पाठीमागे चिमटे लावून आवळलेला असतो. मुलाच्या अंगात तंग कोट असतो आणि हात वर केला की त्याची बटणं ताणतात. असे फोटो काढून काढून ती ज्या निष्कर्षाला आली तो तिनं मावशींना जमिनीवर मांडी घालून समजावून सांगितला.

छायाचित्रकार : कपडा आपला नसला की शरीर चोरासारखं वागतं. खांदे कानांकडे चढतात, श्वास छातीतच अडकतो, हातांचं काय करायचं ते कळत नाही. मी हसा म्हटलं की ओठ हसतात आणि डोळे म्हणत असतात, चिमटा सुटणार तर नाही ना? अंगावर काय आहे याची सारखी आठवण येत असली की चेहरा मोकळा होत नाही. म्हणून मी म्हणते, रोजचं घाला. ज्याचा विसर पडतो ते घाला.

मावशी : रोजचंच म्हणतेस ना? मग थांब.

त्या आत गेल्या आणि पांढरा ॲप्रन, डोक्याची जाळीदार टोपी न् हातमोज्यांचं खोकं घेऊन बाहेर आल्या.

मावशी : भरणीच्या खोलीत आम्ही हे घालून बसतो. खाण्याच्या वस्तूचा परवाना काढताना साहेबांनी सांगितलं तसं. पाकिटं भरताना केस दिसत नाहीत, साडी दिसत नाही, हातसुद्धा दिसत नाहीत. हे आमचं खरं. काढतेस याचा फोटो?

छायाचित्रकार थोडा वेळ काही बोलली नाही. तिनं टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. तिच्या मनातलं ‘रोजचं’ आणि या बायकांचं रोजचं यांत अंतर होतं, आणि ते तिला तिथल्या तिथे दिसलं. खेड्यातली बाई म्हटली की विटक्या साडीतली, चुलीपुढची, सुरकुत्यांवर तिरपा प्रकाश पडलेली, असं एक चित्र शहरातल्या डोळ्यांत आधीच तयार असतं. त्या चित्राला आपण वास्तव म्हणतो. पण तीही एक वेशभूषाच झाली, फक्त ती दुसऱ्यानं निवडलेली असते.

ही खोड जुनी आहे. कॅमेरा आपल्याकडे आला आणि काही दशकांतच इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५ या काळात. देशभरच्या माणसांचे फोटो, आणि बहुतेकांखाली नावाऐवजी जात किंवा जमात. त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सन यानं शहरातल्या निरनिराळ्या समाजांचा असाच संग्रह दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसांचा फोटो एकीकडे काढलेला आहे आणि मागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलेलं आहे. अशा संग्रहांत पागोटं, धोतर, लुगडं, दागिने ही माणसाची आवड म्हणून आलेली नाहीत. ती लेबलं म्हणून आली आहेत : हा अमुक जातीचा, कारण त्याच्या अंगावर हे आहे. काय घालून उभं राहायचं, हे त्या माणसांना कुणी विचारलं असेल असं ती पानं पाहताना वाटत नाही.

त्याच शतकातला दुसरा एक फोटो मला फार प्रिय आहे. १८८५, फिलाडेल्फियातलं विमेन्स मेडिकल कॉलेज. तीन विद्यार्थिनी शेजारीशेजारी बसल्या आहेत : साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. मी हा फोटो मोबाइलवर काढून दोघींपुढे धरला.

छायाचित्रकार : पण यांनाही परदेशातल्या मुली म्हणून नटवून बसवलं असेल. कॉलेजला मिरवायचं असेल.

कॉलेजला मिरवायचं असेलही. पण आनंदीबाईंचा पोशाख कॉलेजनं ठरवलेला नव्हता, हे मी तिला सांगितलं. अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं होतं. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ, पोशाख आणि आहार बदलणार नाही, असं त्यांनी तिथं सर्वांसमोर सांगितलं. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी नेसून राहणं सोपं नव्हतं. फोटोतली साडी म्हणजे भर सभेत दिलेला शब्द होता.

मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग त्यांनी आम्हाला घरात बोलावलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांचा फोटो होता. निळा कोट, टाय, चष्मा, खिशाला पेन.

मावशी : यांना कुणी म्हणालं का, तुम्ही गरिबाघरचे, साधे कपडे घालून बसा म्हणजे खरे दिसाल?

छायाचित्रकार : नाही. पण मावशी, तो कोट त्यांचा रोजचा होता. तो घालून ते कोर्टात जायचे, शिकवायचे, भाषणं द्यायचे. फोटोपुरता कुणाकडून मागून आणला नव्हता. म्हणून तर तो असा अंगावर बसलाय.

मावशी : रोजचा कधी झाला? अंगात पहिल्यांदा चढवला तो एक दिवस असेलच ना? त्या दिवशी त्यांनाही टोचला असेल. टोचतो म्हणून काढून ठेवला असता तर रोजचा झाला असता का?

मला वाटतं, त्या दुपारचा सगळा वाद या दोन वाक्यांत सामावला होता. दोघीही बरोबर होत्या, आणि हे मी सोय म्हणून म्हणत नाही. जो कपडा अंग ओळखतं त्यातच माणूस मोकळा दिसतो. आणि ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या चांगला कपडा घालू दिलेला नाही, त्यांच्या अंगाला तो ओळखायला वेळ लागतो. त्या वेळात त्यांना ‘तुम्ही रोजच्याच कपड्यांत बरे दिसता’ असं सांगणं, हे चांगल्या मनानं सांगितलं तरी, त्यांची वाट अडवणं आहे.

मावशींना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. महाड तिथून हाकेच्या अंतरावर. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, डिसेंबरात परिषद भरली आणि मनुस्मृती जाळली गेली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाची मात्र शाळेच्या पुस्तकांत फारशी दखल नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसायचं, गळाभर आणि हातभर कथलाचे-चांदीचे दागिने घालायचे, या तऱ्हेवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती खूण पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या, हेही सांगितलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचं काम नोंदवून ठेवलं, म्हणून अशा गोष्टी आज आपल्या हाताशी आहेत.

मावशी : माझी आजी त्या गर्दीत होती. सतरा-अठराची असेल. घरी आली ती घोट्यापर्यंत लुगडं नेसून. पहिले काही दिवस चालताना अडखळायची, विहिरीवर लोक बघून हसायचे. सासू म्हणाली, कशाला हा थाट? आजी म्हणायची, अडखळले पण वर खोचलं नाही.

छायाचित्रकार : पण बाबासाहेब स्वच्छ म्हणाले, मावशी. फाटकं चालेल, स्वच्छ असू दे, म्हणाले. ते तर माझ्याच बाजूचं झालं.

मावशी : नेसायची तऱ्हा बदला, असंही म्हणाले. अर्धंच नको ऐकू.

इथं छायाचित्रकार मनापासून हसली आणि तिनं रोजच्या साडीचा आग्रह सोडला. वाद मात्र संपला नाही. तो आता तपशिलात शिरला, आणि तिथं तिचं शिक्षण कामाला आलं.

मावशींच्या मनात फोटोत बसणाऱ्या पाचही जणींनी एकसारखी साडी नेसावी असं होतं, गटाच्या मेळाव्याला नेसतात तशी. एकसारखी साडी असली की कुणाचा नवरा मुंबईला नोकरीत आणि कुणाचा घरी बसलेला, हे कळत नाही, असं त्या म्हणाल्या. हे कारण मला अतिशय भावलं. छायाचित्रकारालाही ते पटलं. पण मेळाव्याची साडी गडद किरमिजी होती, आणि फोटो तर लालजांभळ्या रातांब्यांच्या ढिगापुढे काढायचा होता. असा भडक लाल रंग कॅमेऱ्यात सहज फुगतो. पोत दिसेनासा होतो, साडी आणि फळं एकमेकांत मिसळून जातात. शिवाय साडी कृत्रिम धाग्याची, चकचकीत. ऊन पडलं की तिच्यावर पांढरे पट्टे उठणार. मग असं ठरलं : साडी प्रत्येकीची सुती आणि काठाची, पण रंग जिचा तिनं निवडायचा, फक्त लाल सोडून. मोरपंखी, हळदी, बाटलीहिरवा, राखाडी, निळा असे रंग निघाले. पेट्या उघडल्या, डांबरगोळ्यांचा वास पडवीभर सुटला.

छायाचित्रकार : ज्या कोऱ्या असतील त्या आजच एकदा पाण्यातून काढून वाळत घाला. खळ असलेली साडी पोटाशी फुगते आणि बसताना पुठ्ठ्यासारखी उभी राहते. ब्लाउज आत्ताच घालून बघा. दोन्ही हात वर करा, पुढे वाका, खाली बसा. कुठं आवळलं तर आज रात्री उसवता येईल, उद्या नाही. पावडर थापू नका, ती फोटोत पिठासारखी दिसते. घाम आला तर मऊ रुमालानं नुसता टिपा, पुसू नका.

मावशी : आणि हात? रातांब्याचा रंग साबणानं जात नाही. लिंबू चोळून बघायला सांगू का?

छायाचित्रकार : हातांना अजिबात हात लावू नका! हात असेच पाहिजेत.

मावशी : ते मला मान्य आहे. हात कामानं रंगलेत, त्याची लाज नाही. साडी कामानं फाटलेली नाही, जुनी झाली म्हणून फाटली. ती नाही दाखवायची.

मला सर्वांत कठीण वाटलेला प्रसंग यानंतरचा. गटातल्या एक बाई आपली साडी काढायला उठल्याच नाहीत. मी मागच्या रांगेत उभी राहते, किंवा नकोच, तुम्हीच चौघी राहा, असं त्या म्हणत होत्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून फिक्या रंगाच्या दोन साड्या आलटून पालटून, कपाळ मोकळं, केसांत फूल नाही.

छायाचित्रकार : त्यांच्यावर जबरदस्ती नको, मावशी. त्यांना ज्यात बरं वाटतं त्यातच असू देत. फिकी साडी फोटोत वाईट दिसत नाही.

मावशी : तिला बरं वाटतं असं तुला कुणी सांगितलं? तिला सवय झालीय. सवय झाली म्हणजे बरं वाटतं असं नसतं.

छायाचित्रकार : आणि उद्या रंगीत साडीत त्या अवघडून उभ्या राहिल्या, वाडीतल्या लोकांनी बोल लावले, तर? मी फोटो काढून पुण्याला जाईन. त्यांना इथं राहायचंय.

मावशी : मीसुद्धा इथंच राहणार आहे. मी आहे ना शेजारी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. मावशींना ही बातमी तोंडपाठ होती. पण ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो आणि साडी पेटीत. पेटी ज्याची त्यालाच उघडावी लागते. छायाचित्रकाराची काळजी मला खोटी वाटली नाही. आपण नेसायला लावलेली रंगीत साडी ही पुन्हा आपणच लादलेली गोष्ट होईल, ही तिची धास्ती योग्य होती. पण ‘त्यांना ज्यात बरं वाटतं’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो, हेही त्या दुपारी मला जाणवलं. बरं कशात वाटतं हे कळायला आधी दुसरं काहीतरी अंगावर घालून पाहायची मुभा लागते. ती मुभा त्या बाईंना कधी कुणी दिली नव्हती.

मावशींनी त्यांना काही समजावलं नाही. आपल्या पेटीतल्या तीन साड्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, रात्रभर तुझ्याकडे असू देत. नाही वाटलं तर सकाळी परत दे, फोटोत तशीच ये, पण मागे उभं राहायचं नाही.

सकाळी आठ वाजता त्या हळदी रंगाची, हिरव्या काठाची साडी नेसून आल्या. कपाळ मोकळंच होतं, केसांत फूल नव्हतं. तेवढं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

फोटो काढताना छायाचित्रकार काय काय करत होती ते मी लक्ष देऊन पाहिलं, कारण आत्मविश्वास हा काही नुसता साडीतून येत नाही, हे तिचं म्हणणं ती आता हातानं सिद्ध करत होती. तिनं ऊन टाळलं आणि पडवीच्या तोंडाशी, जिथं सावली आहे पण समोर मोकळं आभाळ आहे, तिथं बायकांना बसवलं. त्या उजेडात डोळ्यांखाली काळं पडत नाही आणि कुणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. भिंत पांढरीशुभ्र होती. ती म्हणाली, सावळा चेहरा पांढऱ्या भिंतीपुढे ठेवला की कॅमेरा भिंत बघून फसतो आणि चेहरा काळवंडवतो. तिनं मागे एक जुनी गोधडी टांगली आणि उजेडाचं माप चेहऱ्यांवरून घेतलं.

एकजण म्हणाली, नंतर मोबाइलवर जरा गोरं करून द्या. मावशींनी तिला तिथंच थांबवलं : काळी आहेस ती काळीच दिसायचीस, पण ठसठशीत दिसशील. छायाचित्रकारानं मग त्यांना कोडॅकची हकिगत सांगितली. अमेरिकेत रंगीत फिल्मचे रंग कित्येक वर्षं गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड प्रमाण धरून जुळवले जात. त्या फिल्मवर काळ्या माणसांचे चेहरे नीट उठत नसत. फिल्म सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, कारण तपकिरी रंगाच्या छटा फोटोत वेगळ्या दिसत नव्हत्या. ते ऐकून पडवीत शांतता झाली. मग ज्यांनी गोरं करून मागितलं होतं त्याच बाई म्हणाल्या, चॉकलेटासाठी सुधारलं होय!

पहिल्या अर्ध्या तासातले फोटो वाया जाणार हे छायाचित्रकाराला माहीत होतं. तिनं तसं सांगितलंही : हे सगळे पुसायचे आहेत, तुम्ही नुसत्या बसा. ते ऐकल्यावर खांदे खाली आले. मग तिनं प्रत्येकीच्या हातात काम दिलं. कुणाला रातांबा, कुणाला सूप, कुणाला आगळाची बाटली, कारण मोकळ्या हातांना भीती वाटते. हसा असं ती एकदाही म्हणाली नाही. ‘श्वास सोडा’ म्हणायची, आणि श्वास बाहेर पडताच बटण दाबायची. मान मागे खेचून घेऊ नका, हनुवटी किंचित पुढे आणा, एवढंच तिनं शरीराबद्दल सांगितलं. ती स्वतः बऱ्यापैकी लांब उभी राहून मोठ्या भिंगातून फोटो काढत होती. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, आणि मग बाईला वाटतं की आपणच तशा आहोत.

मोरपंखी साडीतल्या बाईंनी पहिला फोटो पाहून मान फिरवली. ही मी नाहीच, म्हणाल्या. छायाचित्रकारानं तोच फोटो उजवा-डावा उलटवून दाखवला. हां, ही मी, असं त्या लगेच म्हणाल्या. गंमत म्हणजे बाकीच्या चौघींना पहिलाच बरा वाटला. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात काही मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला होता. माणसांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, इतर आपल्याला समोरून पाहतात. फोटो आवडला नाही म्हणजे आपण वाईट दिसतो असं नाही, डोळ्यांना त्या बाजूची ओळख नसते इतकंच. हे शाळेतच शिकवलं पाहिजे. किती मुली एका फोटोवरून स्वतःविषयी नको ते ठरवून बसतात.

संध्याकाळी लॅपटॉपवर निवड सुरू झाली तेव्हा दोघींचा वाद पुन्हा पेटला. छायाचित्रकाराला जो फोटो हवा होता त्यात फक्त पाच जणींचे रंगलेले हात होते, रातांब्यांच्या सालींवर. तो सुंदरच होता, मलाही मोह पडला. मावशी म्हणाल्या, एवढ्या साड्या निवडल्या, धुतल्या, आणि तू आमची मुंडकी उडवतेस? हात तर कुणाचेही असतील. पाचही जणींनी हात वर करून मत दिलं : पुढच्या बाजूला सगळ्यांचे चेहरे, बसलेला फोटो, ज्यात हळदी साडीतल्या बाई मधोमध आहेत. हातांचा फोटो मागच्या बाजूला, माझ्या मजकुराच्या वर. टोपी-ॲप्रनमधला एक फोटो माहितीपत्रकात घ्यायचा, असा छायाचित्रकाराचा हट्ट होता. तो मावशींनी मान्य केला, कारण त्यावरून स्वच्छता कळते.

आणि मग एक गोष्ट निघाली जिचा आम्ही विचारच केला नव्हता. प्रत्येकीला आपला एकटीचा फोटो हवा होता. आधारकार्डावरचा सोडला तर यांतल्या तिघींकडे स्वतःचा एकटीचा फोटो नव्हता. लग्नातले होते, पण त्यांत शेजारी कुणीतरी आहेच. उजेड जायला तासभर होता. छायाचित्रकारानं गोधडी पुन्हा टांगली, आणि हे बघून शेजारच्या घरांतूनही बायका यायला लागल्या. कुणी साडी बदलून, कुणी नळावरून थेट. तिनं कुणालाच काही बदलायला सांगितलं नाही. मावशींनी मात्र दोघींना परत पाठवलं, जा, चांगली नेसून ये, घाई नाही.

मोठ्या प्रती कुणाला हव्यात, केवढ्या, हे मी वहीत लिहून घेत होते. हळदी साडीतल्या बाईंनी बारा बाय अठरा इंच सांगितलं, सगळ्यांत मोठा. छायाचित्रकार म्हणाली, फ्रेम करताना फोटो काचेला चिकटवू नका, मध्ये जाड कागदाची चौकट घाला, नाहीतर तुमच्या पावसाळ्यात ओल धरून तो काचेलाच बसेल. मावशी म्हणाल्या, त्यापेक्षा लॅमिनेशन बरं, पुसता येतं. छायाचित्रकार म्हणाली, लॅमिनेशनवर उजेड चमकतो, दारातून आलेल्या माणसाला चेहराच दिसणार नाही. मग काचच, पण पुसायला लागते रोज, असं मावशी म्हणाल्या, आणि फ्रेमचे पैसे गटाच्या खात्यातून द्यायचे की प्रत्येकीनं आपले आपण, यावर नवी बैठक सुरू झाली.